मोहोळकरांची करडई

बराकपूरच्या मासळीबाजारात दरवर्षी भातकापणी उरकली की एक शाकाहारी मराठी गृहस्थ डोक्यावरची काळी टोपी काढून पुतुलच्या आईपुढे धरायचे. टोपीत चार चिठ्ठ्या असायच्या. पुतुलची आई मासे कापायचं थांबवून हात पदराला पुसायची आणि एकेक चिठ्ठी काढून द्यायची. गृहस्थ आकडा वहीत टिपायचे, चारही चिठ्ठ्या पुन्हा टोपीत टाकायचे आणि टोपी पुन्हा पुढे करायचे. असं चार वेळा झालं की नमस्कार करून, नाकाला रुमाल लावून निघून जायचे. मासा त्यांनी जन्मात विकत घेतला नाही. ही लॉटरी आहे आणि आपला नंबर एक ना एक दिवस लागणार, अशी पुतुलच्या आईची समजूत होती. ती दूर करण्याइतकं बंगाली त्यांना येत नव्हतं.

हे नारायण दत्तात्रय मोहोळकर. बराकपूरजवळच्या एका सरकारी प्रयोगक्षेत्रावर तेलबियांच्या चाचण्यांचे प्रमुख. कुठल्या वाफ्यात कुठलं पीक पेरायचं, हे त्या चिठ्ठ्या ठरवत. यासाठी पुस्तकात आकड्यांचे तयार तक्ते असतात. पण तक्ता कुठल्या पानावर उघडायचा हे आपणच ठरवतो, तेव्हा त्यातही आपली इच्छा शिरते, असा त्यांना संशय होता. चिठ्ठी अशा माणसाने काढावी, ज्याला निकालात काडीचा रस नाही. असा माणूस त्यांनी सगळ्या बराकपुरात शोधला आणि त्यांना पुतुलची आई सापडली.

अडुसष्ट साली माझ्या नवऱ्याची बँकेतून बराकपूरला बदली झाली. मी गणिताची पदवीधर, घरात बसून कंटाळलेली. प्रयोगक्षेत्रावर आकडेमोडीला माणूस हवा होता, तिथे मी चिकटले. पहिल्या दिवशी मोहोळकरांनी मला हँडल फिरवायचं गणकयंत्र दाखवलं आणि म्हणाले, "सबनीसबाई, या यंत्राला आपण मराठी आहोत हे माहीत नाही. ते तसंच राहू द्या." याचा अर्थ मला कळायला तीन वर्षं लागली.

प्रयोग साधा होता. बंगालमध्ये भात निघालं की जमीन उन्हाळ्यापर्यंत पडून राहते. जमिनीत ओल असते, पण पंप नाही, कालवा नाही, खताला पैसा नाही. त्या उरलेल्या ओलीवर एखादं तेलबियांचं पीक येईल का? मोहरी येते, पण तिला एखादं तरी पाणी लागतं आणि मावा पडला की औषध लागतं. मोहोळकर सोलापूरकडचे. त्यांच्या मनात करडई होती. तिचं मूळ खोल जातं, खालची ओल शोधतं, वरून कुणी पाणी द्यायची वाट बघत नाही. म्हणून चार पिकं: पाणी दिलेली मोहरी, बिनपाण्याची मोहरी, जवस आणि करडई. चार गटांत मिळून सोळा वाफे. वरून आलेली अट अशी, की ओळीने तीन वर्षं करडई बिनपाण्याच्या मोहरीच्या स्पष्ट पुढे राहिली, तर ती शेतकऱ्यांच्या शेतावर जाईल. एक वर्ष जरी चुकली तरी करडईचा विषय बंद. तिसरं वर्ष संपल्यावर दहा महिन्यांनी मोहोळकर निवृत्त होणार होते, तेव्हा पुन्हा सुरुवात करायला त्यांच्याजवळ वर्षं नव्हती. ते हे कधी बोलून दाखवत नसत. करडईबद्दलही बोलत नसत. फक्त सकाळी फेरी मारताना बाकीच्या पिकांच्या वाफ्यांवरून बुटांनी जात आणि करडईपाशी आले की बूट काढून ठेवत. विचारलं तर म्हणत, पायाला ओल कळते. जवसाखालची ओल त्यांच्या पायांना कळायची गरज पडत नसावी.

माणूस उंच, वाळका, खांद्यात किंचित वाकलेला. त्यांचं पाऊल बरोबर अडीच फुटांचं होतं आणि ते त्यांनी इतकं अंगवळणी पाडलं होतं की बाजारातही ते तसंच पडे. बालीगंजला आमच्या महाराष्ट्र मंडळात लग्न असलं की ते मांडव पावलांनी मोजून यजमानांना सांगत, तुमची पंगत बसणार नाही. पंगत खरोखरच बसत नसे. नवरानवरीला आशीर्वाद देताना मात्र अडत. "जोडा छान आहे" असं कुणी म्हटलं की म्हणत, "अजून मळणी व्हायचीय." पीक उभं असताना त्याला चांगलं म्हणायचं नाही, हा त्यांचा नियम होता आणि त्यांनी तो सगळ्या सृष्टीला लावला होता. माझ्या थोरल्या मुलाचा पहिला नंबर आला तेव्हा मी पेढे घेऊन गेले. पेढा खाऊन तेच म्हणाले. मुलगा चौथीत होता. मला राग आला होता, तो आठ दिवस टिकला.

दुसरा नियम कडेच्या ओळींचा. प्रत्येक वाफ्याच्या दोन्ही बाजूंच्या दोन-दोन ओळी मोजायच्या नाहीत. कडेच्या झाडाला ऊन जास्त, वारा जास्त, शेजारी कमी, म्हणून ते फुगतं. तोलायचं ते आतलं. एकदा मोठे साहेब पाहणीला आले आणि रस्त्याकडेच्या भरघोस मोहरीत उभे राहून फोटो काढायला निघाले. मोहोळकरांनी त्यांना हाताला धरून मधल्या खुरट्या मोहरीत नेऊन उभं केलं. फोटोत साहेब कंबरेपर्यंत दिसायला हवे होते, ते बुटांसकट दिसले. पुढच्या वर्षी साहेब आले नाहीत.

दुसऱ्या वर्षी एप्रिलात बंद होता. दुकानं मिटलेली, भिंतींवर नक्षलवाद्यांच्या घोषणांची ताजी अक्षरं, रस्त्यात चिटपाखरू नाही. त्याच दिवशी मोहोळकरांना बियांचे नमुने तोलायचे होते. हजार बिया मोजून त्यांचं वजन करायचं असतं आणि प्रयोगक्षेत्राच्या काट्यावर त्यांचा विश्वास नव्हता. ते गावातल्या सोनाराकडे तोलून घेत. सोळा पुड्या पिशवीत घालून ते निघाले. बरोबर हाराधन, आमचा जुना मजूर, छत्री धरून. रेल्वे फाटकाशी चार पोरांनी अडवलं. पुढचं सगळं हाराधनने मला सांगितलं.

पोरांनी विचारलं, पिशवीत काय आहे. मोहोळकरांनी एकेक पुडी उघडून दाखवली आणि आपल्या हिंदीत समजवायला सुरुवात केली. सोळा वाफे, चार गट, कडेच्या ओळी, पुतुलची आई. पाऊण तास झाला. पोरं उन्हात उभी. शेवटी त्यांचा म्होरक्या म्हणाला, "आप गरीब के लिए क्या करता है, वो बोलिए."

"वही ढूँढ रहा हूँ. बिना पानी का फसल."

"मिला?"

"तीन साल लगता है."

"तीन साल नहीं है. उससे पहले सब बदल जाएगा."

मोहोळकरांनी विचार केला. "फिर आपका मळणी पहले होगा," ते म्हणाले. मळणीला हिंदी शब्द त्यांना आठवला नाही. पोरांनी काय अर्थ घेतला कोण जाणे, पण त्यांनीच सोनाराचं फळीचं दार अर्धं उघडवून दिलं आणि तोलून होईपर्यंत बाहेर उभी राहिली. त्यांतलं एक पोर पुढे महिनाभर दिसलं की विचारायचं, कडेच्या ओळी मोजल्या नाहीत ना.

हाराधनला करडई आवडत नसे. कापताना काटे बोचतात. आमच्याकडे हे सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून पहाटे दव असताना, काटा मऊ असतो तेव्हा, हाताला फडकी गुंडाळून करडई काढतात. हाराधनने तीन वर्षं फडकी गुंडाळली आणि तीन वर्षं एकच प्रश्न विचारला, "बाबू, फोलन होबे, किंतु काटबे के?" पीक येईल हो, पण कापणार कोण. मोहोळकर म्हणत, हा प्रश्न चौथ्या वर्षाचा आहे.

पहिलं वर्ष करडई पुढे राहिली. दुसरं वर्षही. तिसऱ्या वर्षी संक्रांत आली.

मोहोळकरवहिनी नऊ वर्षं बंगालमध्ये होत्या. बोलायला अगदी कमी, पण बोलल्या की पुरेशा. प्रयोगक्षेत्रावरच्या क्वार्टरच्या खिडकीतून त्यांना रोज करडई दिसायची आणि तीन वर्षांत त्यांनी तिचं एक पान मागितलं नव्हतं. कोवळ्या करडईची भाजी म्हणजे काय, हे सोलापूरच्या बाईला सांगायला नको. त्या वर्षी त्यांनी हळदीकुंकू करायचं ठरवलं आणि मोहोळकर स्वतःहून म्हणाले, "कडेच्या ओळी खुडायला हरकत नाही. त्या मोजणीत नाहीत." लग्नाच्या तिसाव्या वर्षी मिळालेली ही भेट, असं वहिनी मला म्हणाल्या. हसल्या नाहीत.

मोहोळकर त्या दिवशी कलकत्त्याला बैठकीला गेले होते. बालीगंजहून सियालदामार्गे लोकलने सहा बायका आल्या, गार्डन रीचहून रेल्वेतल्या दामलेबाई दोन मैत्रिणींना घेऊन आल्या. वहिनी, मी आणि शेजारची एक धरून बारा जणी. हळदीकुंकू झालं, तिळगूळ झाला. मग मी सगळ्यांना शेतावर नेलं आणि रीतसर सांगितलं, दोन्ही बाजूंच्या दोन-दोन ओळी, आतलं नाही. सगळ्यांनी मान हलवली.

भाजी खुडताना बाई ओळ बघत नाही, पान बघते. काठापदराच्या साड्या खोचून बारा जणी वाकल्या आणि पाच मिनिटांत कुणी कडेला राहिलं नाही. त्यांनी सगळे वाफे फिरून पाहिले, हाताने पान मोडून पाहिलं आणि दुसऱ्या न् चौथ्या गटातली करडई जास्त कोवळी आहे असं एकमताने ठरवलं. कुणी झाड उपटलं नाही. प्रत्येकीने घरी शिकवतात तसा फक्त शेंडा नखाने खुडला, झाड पुन्हा फुटावं म्हणून. दामलेबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या अकोल्याकडच्या. "बाई गं, सात वर्षं झाली," एवढंच त्या म्हणत होत्या. कुणी कुणाला थांबवायचं? मी ओरडायला हवं होतं. मी ओटी भरून खुडत होते.

भाजी मुगाची डाळ आणि लसूण घालून झाली. बाजरीचं पीठ दामलेबाईंनी आणलं होतं. इतकं शांत हळदीकुंकू मी पाहिलेलं नाही. उरलेली भाजी वहिनींनी मोहोळकरांसाठी झाकून ठेवली. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती खाल्ली आणि चांगली झाली म्हणाले.

मी मात्र उद्या सांगू, परवा सांगू, करत राहिले. पंधरा दिवसांत खुडल्याची खूणही उरली नाही. उलट ते दोन वाफे इतके डवरले की हाराधन हात लावून बघायचा. मार्च उलटल्यावर मला वाटायला लागलं, झालं ते बरंच झालं. एप्रिलात पहाटे करडई काढली, मळली, तोलली. आकडे माझ्याकडे आले.

दुपारचे दोन वाजले होते. मी हँडल फिरवून शेवटची बेरीज केली, पुन्हा केली, तिसऱ्यांदा केली. करडई पुढे होती. स्पष्ट पुढे. मी कागद मोहोळकरांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावला, वाचला आणि कागद माझ्याकडे सरकवला. ज्या बातमीसाठी माणूस तीन वर्षं अनवाणी चालला, ती वाचून तो गप्प बसला, हे मला सोसेना. मी सगळं सांगून टाकलं. दुसरा गट, चौथा गट, बारा जणी, माझी ओटी.

"मला ठाऊक आहे," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"भाजी खाल्ली तेव्हापासून. बारा जणी जेवून माझ्यासाठी पातेलं उरलं. कडेच्या ओळींत एवढी भाजी निघत नाही."

"मग बोलला नाहीत?"

"नाही." त्यांनी चष्मा काढला. "मी रोज त्या वाफ्यांवरून जात होतो. फांद्या मोजत होतो. जास्त फुटल्या होत्या. वाटलं, आपल्याला कळलं नाही असं समजावं. तीन महिने मी तसं समजत होतो, सबनीसबाई."

मला रडू आलं. माझ्या चुकीबद्दल नाही, तिची लाज मला आधीच वाटून संपली होती. हा माणूस तीन महिने स्वतःशी खोटं बोलला आणि ते त्याला जमलं नाही, याचं रडू आलं. ते माझ्याकडे न बघता खिडकीबाहेर बघत बसले, मला सावरायला वेळ मिळावा म्हणून.

सावरल्यावर मी भांडले. म्हटलं, खुडलेल्या वाफ्यांत बी जास्त आलं ना? मग हाच शोध आहे. गरिबाला भाजीही मिळेल, बीही जास्त मिळेल. तेच लिहा.

"तुम्ही तेच दोन वाफे का खुडलेत?"

"कोवळे होते. बाकीच्यांपेक्षा टवटवीत होते."

"म्हणजे ते मुळातच चांगले होते. खुडल्याने जास्त आलं की न खुडताही आलंच असतं, हे आता देवालासुद्धा सांगता येणार नाही. कुठले खुडायचे ते पुतुलच्या आईला विचारायला हवं होतं."

त्यांनी लाल पेन्सिलने ते दोन आकडे खोडले. वाफे गेले तर उरलेल्यांवरून अंदाज काढायचं सूत्र असतं, ते लावून मी गणित पुन्हा केलं. करडई मोहरीच्या किंचित वर होती, पण ती खरोखर वर आहे की नशिबाने, हे ठरत नव्हतं. तिसऱ्या वर्षाची अट मोडली. मोहोळकरांनी अहवाल त्याच दुपारी पुरा केला. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: गट दोन व चार मधील करडईचे शेंडे खुडून भाजी करण्यात आली, सबब हे वाफे वगळले, जबाबदारी प्रयोगप्रमुखाची. कुणाचं नाव घातलं नाही. मी माझं घालायला सांगितलं तर म्हणाले, त्या रकान्यात जागा नाही.

महिन्याने वरून पत्र आलं. भाजी करण्यात आली याचा नेमका अर्थ काय, ही प्रयोगाचा भाग म्हणून करण्यात आली की कसे, आणि तिची परवानगी कोणी दिली. मोहोळकरांनी तिन्हींची उत्तरं क्रमवार पाठवली. मग एका ओळीचा हुकूम आला, करडईच्या चाचण्या बंद. वहिनी म्हणाल्या, "नऊ वर्षांत एकदा भाजी खाल्ली, ती थेट सरकारदरबारी गेली." पण नंतर स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. त्या दिवसापासून त्या मला "सबनीसबाई" ऐवजी नावाने हाक मारू लागल्या.

पुढच्या हिवाळ्यात करडईच्या जागी मोहरीच पेरली गेली. मोहोळकर सोळाही वाफ्यांवरून बुटांनी चालायला लागले. चिठ्ठ्या मात्र त्या वर्षीही मासळीबाजारातच काढल्या.

फेब्रुवारीअखेर ते निवृत्त झाले. सामान हावड्याला पुढे गेलं होतं. निघायच्या दिवशी हाराधनने त्या दोघांना आणि मला आपल्या घरी जेवायला बोलावलं. शाकाहारी करेन म्हणाला आणि खरोखर केलं. त्याचं घर रेल्वेलाइनीपलीकडे, घरामागे दहा-बारा गुंठे जमीन. आम्ही वळसा घालून मागच्या बाजूने आलो आणि मोहोळकर थांबले.

हाराधनच्या वांग्यांभोवती, मिरच्यांभोवती, चारी बाजूंनी करडई उभी होती. कमरेएवढी, काटेरी, पिवळ्याकेशरी फुलांनी भरलेली. शेजारच्याचं वांगं शेळ्यांनी बुंध्यापर्यंत खाल्लं होतं. हाराधनच्या वांग्याला तोंड लागलेलं नव्हतं.

"हे कुणी सांगितलं तुला?" मोहोळकरांनी विचारलं.

"केउ ना, बाबू. छागोल ढोके ना." कुणी नाही, शेळ्या आत शिरत नाहीत. बी कुठलं, तर कडेच्या ओळींचं, आपण मोजायचं नाही म्हणून सोडून देत होतो त्यातलं. हे त्याचं दुसरं वर्ष होतं. अवंदा आणखी दोन घरांनी मागून नेलं होतं. पाणी, खत, औषध कुणीच काही दिलेलं नव्हतं, ते द्यायचं असतं हेच त्यांना ठाऊक नव्हतं. कापतं कोण, असं मी विचारलं. हाराधनची बायको हसून म्हणाली, पहाटे हाताला फडकं बांधून मीच कापते, तेलही निघतं थोडं.

मोहोळकरांनी वही काढली नाही. त्यांनी एवढंच विचारलं, पुढच्या वर्षाचं काय. हाराधन आत गेला आणि आढ्याला टांगलेलं एक मडकं उतरवून घेऊन आला. त्याने तोंडावरचं कापड सोडलं. आत निम्म्यापर्यंत पांढरं, टपोरं बी.

"बीज राखा आछे," तो म्हणाला. बी ठेवलेलं आहे.

मोहोळकरांनी हात मनगटापर्यंत मडक्यात घातला आणि तसाच ठेवला. वहिनींनी जेवायला हाक मारली, मग गाडीची वेळ सांगितली, मग दोन्ही पुन्हा सांगितलं. शेवटी त्या माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "असू दे. चुकली गाडी तर चुकली."